पेराल तेच कापाल: ख्रिस्ती शिकवणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे तत्त्व पवित्र शास्त्रात नेमके कोठे आले आहे?

त्याचे सर्वांत परिचित रूप प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील सातव्या वचनात आढळते: "फसू नका, देवाचा उपहास व्हायचा नाही, कारण माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल." हे पत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, आज मध्य तुर्कस्तानात मोडणाऱ्या गलतिया भागातील मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायांना, लिहिले गेले. विचार मात्र पौलाचा स्वतःचा नव्हे. इसवी सनपूर्व आठव्या शतकात होशेय संदेष्ट्याने इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्याला बजावले होते की, तुम्ही वारा पेरत आहात आणि वावटळ कापाल. नीतिसूत्रांच्या पुस्तकात अनीती पेरणाऱ्याच्या पदरी अनर्थ पडतो असे म्हटले आहे आणि ईयोबाचा मित्र अलीफज यानेही हेच सूत्र ईयोबाला ऐकवले होते. अलीफजाचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागेल, कारण त्याने खरे वाक्य चुकीच्या माणसाला ऐकवले.

पौलाने हे वाक्य कोणाला आणि कोणत्या संदर्भात लिहिले?

हा प्रश्न आधी सोडवला तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. गलतियातील मंडळ्यांमध्ये काही शिक्षक येऊन असे सांगू लागले होते की, ख्रिस्तावर विश्वास ठेवणे पुरेसे नाही, यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंताही करून घेतली पाहिजे. त्याविरुद्ध पौलाने पत्राचा मोठा भाग खर्ची घातला आणि माणूस मोशेचे नियमशास्त्र पाळून नव्हे, तर विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवासमोर निर्दोष, ठरतो, हे ठासून मांडले. त्यानंतर तो मंडळीच्या रोजच्या वागणुकीकडे वळतो, कारण या वादात लोक एकमेकांना चावून खाऊ लागले होते, असे त्यानेच पाचव्या अध्यायात लिहिले आहे.

सहाव्या अध्यायाची सुरुवात, एखादा अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा, या सूचनेने होते. मग एकमेकांची ओझी वाहा, प्रत्येकाने स्वतःच्या कामाची परीक्षा करावी, वचनाचे शिक्षण देणाऱ्याला आपल्याकडील चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा, अशा सूचना येतात आणि त्यांच्या पाठोपाठ पेरणीचे वचन येते. दहाव्या वचनात, संधी मिळेल तसे सर्वांचे बरे करावे, असे सांगून हा भाग संपतो. म्हणजे या वचनाच्या अलीकडे दुसऱ्याचे ओझे उचलणे आहे आणि पलीकडे दुसऱ्याचे भले करणे आहे. शेजाऱ्याच्या शेतात काय उगवले याची चौकशी करण्याचे काम येथे कोणावरही सोपवलेले नाही. ऐकणाऱ्याने आज स्वतःच्या मुठीत कोणते बी धरले आहे ते पाहावे, एवढाच या वाक्याचा रोख आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या तत्त्वाचे बहुतेक गैरवापर हा रोख बदलल्यामुळे होतात.

'देहस्वभावासाठी पेरणे' म्हणजे केवळ व्यसन आणि व्यभिचार काय?

नाही. सहाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात येणारा 'देहस्वभाव' म्हणजे माणसाची पापाकडे ओढणारी वृत्ती. पौलाने पाचव्या अध्यायात देहस्वभावाच्या कर्मांची यादी दिली आहे. तीत जारकर्म, मूर्तिपूजा आणि दारूबाजी आहेत. परंतु वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद आणि हेवा यांनी त्या यादीचा जवळजवळ अर्धा भाग व्यापला आहे. मंडळीच्या सभेत वर्षानुवर्षे गट पाडून भांडणारा, पण दारूला न शिवणारा सद्गृहस्थ स्वतःला या यादीबाहेर समजतो. यादी तसे समजू देत नाही. तिच्यासमोर देवाच्या आत्म्याचे फळ ठेवलेले आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. पहिल्या पेरणीचे पीक नाश आणि दुसरीचे पीक सार्वकालिक जीवन, असे आठवे वचन सांगते.

हा कर्मसिद्धांतच नव्हे काय?

साम्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. 'करावे तसे भरावे' ही म्हण मान्य करणारा माणूस होशेयाचे वचन वाचून चमकणार नाही. कृतीला परिणाम असतो आणि तो टाळता येत नाही, ही नैतिक जाण दोन्हीकडे आहे.

फरक तीन ठिकाणी पडतो. ख्रिस्ती शिकवणीत पुनर्जन्म नाही; माणसाला एकदाच मरायचे असते आणि त्यानंतर न्याय होतो, असे इब्रीकरांस पत्रात म्हटले आहे. त्यामुळे आजचे दुःख हे मागील जन्मीच्या पेरणीचे पीक आहे, हे स्पष्टीकरण येथे उपलब्धच नाही. दुसरे असे की, हा नियम आपोआप चालणारा नाही. पौलाच्या वाक्यात कापणीच्या आधी देवाचे नाव येते. त्याचा उपहास होऊ शकत नाही म्हणून नियम टिकतो, आणि नियमामागे व्यक्ती असल्यामुळे तिच्याजवळ विनवणी करता येते. तिसरा फरक क्षमेचा आहे. स्तोत्र 103 मध्ये, देवाने आमच्या पापांच्या मानाने आम्हाला शासन केले नाही, अशी कृतज्ञतेची नोंद आहे. अर्थात भारतीय परंपरांतही कर्माच्या जोडीला भक्ती आणि ईश्वरी कृपा यांचा मोठा विचार झालेला आहे, म्हणून 'तुमच्याकडे फक्त हिशेब आणि आमच्याकडे फक्त दया' अशी तुलना करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

कोणी दुःखात असेल, तर त्याने तसेच काही पेरले असेल, असे म्हणता येईल काय?

नाही, आणि पवित्र शास्त्राने हे एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. अलीफजाचे उदाहरण घ्या. ईयोबाची मुले गेली, संपत्ती गेली, शरीर फोडांनी भरले. अशा माणसासमोर बसून अलीफजाने आपला अनुभव सांगितला की, जे अधर्म नांगरतात आणि कष्ट पेरतात ते तसेच कापतात. वाक्य म्हणून त्यात खोट काढता येत नाही. तरीही पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव अलीफजालाच म्हणतो की, तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा राग पेटला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती ईयोबाने, म्हणजे ज्याला त्यांनी दोषी ठरवले त्यानेच.

योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय बाजूला सारतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे येशू म्हणतो, आणि लगेच बोट ऐकणाऱ्यांकडे वळवून त्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. पेरल्याप्रमाणे पीक येते, हे खरे. पण म्हणून पुढ्यात दिसणारे प्रत्येक पीक त्याच माणसाने पेरले होते, असे ठरत नाही. रुग्णाच्या खाटेजवळ किंवा अंत्यविधीला जाताना हा भेद विसरणारे लोक सांत्वनाला गेलेले असतात आणि जखम करून येतात.

शास्त्रात हे तत्त्व एखाद्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष दिसते काय?

उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाच्या कथेत ते सर्वांत बारकाईने दिसते. म्हाताऱ्या, दृष्टी मंदावलेल्या बापाला, इसहाकाला, फसवण्यासाठी याकोबाने थोरल्या भावाची, एसावाची, उत्तम वस्त्रे अंगावर घातली. आईने करडांची कातडी त्याच्या हातांवर आणि मानेवर गुंडाळली. आणि बापाने चाचपून, वस्त्रांचा वास घेऊन थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याला दिला. पुढे मामा लाबान याची धाकटी मुलगी राहेल मिळावी म्हणून त्याच्याकडे सात वर्षे राबल्यावर राहेलऐवजी थोरली लेआ त्याच्या पदरात पडली आणि जाब विचारताच लाबान उत्तरला की, थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही. थोरल्याचा हक्क लाटलेल्या माणसाला हे वाक्य कसे लागले असेल, ते कथा सांगत नाही. त्यानंतर अनेक वर्षांनी त्याच्याच मुलांनी बकरा मारला, आपला भाऊ योसेफ याचा झगा त्या बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापापुढे आणून टाकला. पुन्हा वस्त्र, पुन्हा बकऱ्याचा वापर आणि पुन्हा फसलेला बाप.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उत्पत्तीचा लेखक कोठेही 'हे त्याचे फळ' असे म्हणत नाही. आणि याच सगळ्या काळात देवाने बेथेल येथे याकोबाला दिलेले वचनही मोडलेले नाही. फसवणुकीचे पीक आणि देवाची सोबत ही दोन्ही एकाच आयुष्यात शेजारी शेजारी चालतात.

देवाने क्षमा केल्यावर पापाचे पीक येणे थांबते काय?

दोष मिटतो, परिणाम नेहमी मिटतातच असे नाही. दावीद राजाने बथशेबेशी व्यभिचार केला आणि ते झाकण्यासाठी तिचा पती उरीया याला लढाईत मरण येईल अशी व्यवस्था केली. नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष ठेवताच दावीदाने पाप कबूल केले, आणि त्याच संभाषणात नाथानाने त्याला सांगितले की, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. मात्र तलवार तुझे घर सोडणार नाही, हा निर्णय मागे घेतला गेला नाही. बथशेबेला झालेले मूल दगावले आणि पुढे अम्नोन व अबशालोम या मुलांच्या कथांत त्या शब्दांची प्रचीती येते.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराचे चित्र याहून नेमके आहे. लूकने दिलेल्या वृत्तांतात तो आपल्या सोबत्याला म्हणतो की, आपण आपल्या कृत्यांचे योग्य फळ भोगत आहोत, पण याने (येशूने) काही अयोग्य केलेले नाही. आणि मग येशूला, माझी आठवण करा, अशी विनंती करतो. त्याच दिवशी सुखलोकात असण्याचे अभिवचन त्याला मिळते, पण त्याला खाली उतरवले जात नाही.

क्षमेनंतर उरणाऱ्या परिणामांचे वर्णन कसे करावे, यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. कॅथोलिक शिकवण सार्वकालिक शिक्षा आणि ऐहिक शिक्षा असा भेद करते व दुसरीसाठी प्रायश्चित्ताला स्थान देते. प्रॉटेस्टंट परंपरा उरलेल्या परिणामांना शिक्षा म्हणण्याऐवजी देवाने आपल्या मुलाला लावलेली शिस्त मानतात. कारागृहात बसून पश्चात्ताप केलेल्या माणसाची मुदत या दोन्ही शिकवणींत तशीच राहते, एवढे खरे.

तारण, म्हणजे पापापासून सुटका, कृपेने मिळते, तर पेरणीकापणीला अर्थ काय उरतो?

कृपा म्हणजे न पेरलेले पीक हाती येणे. रूथच्या पुस्तकात ते अगदी शेतातच घडते. परकी, विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला येते. कापणी करताना शेताचे कोपरे आणि पडलेली कणसे गोरगरिबांसाठी सोडावीत, असे लेवीय पुस्तकात सांगितलेलेच होते. बवाज त्यापुढे जाऊन गड्यांना सांगतो की, पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका. संध्याकाळी झोडपून पाहते तो सुमारे एफाभर सातू निघतात, म्हणजे अंदाजे वीस लिटरहून अधिक धान्य. त्यातले एकही रोप तिने लावलेले नव्हते.

माणूस स्वतःच्या प्रयत्नाने निष्पाप राहू शकतो, असा सूर प्राचीन ख्रिस्ती शिक्षक पेलॅजियस याच्या शिकवणीत होता. त्याचा समकालीन बिशप ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि 418 मध्ये कार्थेज येथील परिषदेने ती शिकवण धिक्कारली. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने याच गलतीकरांस पत्रावर व्याख्याने देत विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत मांडला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथोलिक मंडळी यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात सत्कृत्ये ही नीतिमान ठरवले जाण्याची फळे आहेत, असे मान्य केले आहे. म्हणजे तारण हे पेरणीचे वेतन नाही. ज्याला ते मिळाले त्याने मग काय पेरावे, हा सहाव्या अध्यायाचा प्रश्न आहे.

दुष्ट माणसे आयुष्यभर सुखात राहतात, त्याचे काय?

ही तक्रार शास्त्राने दडपलेली नाही. स्तोत्र 73 चा कर्ता उघड म्हणतो की, दुर्जनांची भरभराट पाहून मला त्यांचा हेवा वाटला आणि माझे पाय जवळजवळ घसरले. यिर्मयानेही हाच प्रश्न देवासमोर मांडला. येशूच्या दृष्टांतात गव्हात निदण (तण) उगवलेले पाहून दास ते उपटायला निघतात, तेव्हा मालक त्यांना थांबवतो. घाईने उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून दोन्ही कापणीपर्यंत एकत्र वाढू द्यायचे. कापणी युगाच्या समाप्तीला आहे, असे स्पष्टीकरण पुढे येते. या जन्मीच सगळा हिशेब चुकता होतो, असे ख्रिस्ती शिकवण म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्या उपदेशकाला येशूच्या वधस्तंभाचे स्पष्टीकरण देता येणार नाही.

दान हे 'बीज' आहे आणि ते दिल्यास देव अनेकपटीने पैसा परत देतो, हे खरे काय?

या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट असावे: शास्त्र असे शिकवत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात, जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करतो, असे पौल म्हणतो खरा. पण तो ज्या वर्गणीविषयी लिहीत आहे ती यरुशलेमातील गोरगरीब विश्वासणाऱ्यांसाठी होती. पौल तिच्यातला एक पैसाही स्वतःकडे ठेवत नव्हता. उलट कोणी बोट ठेवू नये म्हणून त्याने रक्कम पोहोचवायला मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतली. आदल्या अध्यायात उद्देश सांगितला आहे तो समानतेचा, म्हणजे एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी. देणाऱ्याला मिळणारे पीक म्हणून तो गरजेपुरती तरतूद, आणखी देण्याची ताकद आणि नीतिमत्त्वाची वाढ यांचा उल्लेख करतो. मासेदोनियातील ज्या मंडळ्यांचे तो कौतुक करतो, त्या देण्यापूर्वी गरीब होत्या, आणि दिल्यानंतर त्या श्रीमंत झाल्या असे तो कोठेही लिहीत नाही.

पैसे पाठवा आणि चमत्काराची वाट पाहा, अशी 'बीज-विश्वासाची' मांडणी विसाव्या शतकात अमेरिकन प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांच्यामुळे जगभर पसरली आणि दूरचित्रवाणीने ती घरोघरी नेली. 2010 मध्ये केप टाउन येथे भरलेल्या, जगभरच्या सुवार्तावादी ख्रिस्ती नेत्यांच्या लोझान परिषदेच्या निवेदनाने आध्यात्मिक कल्याण ऐहिक संपत्तीने मोजणारी ही शिकवण शास्त्राला धरून नसल्याचे म्हटले. एक साधी कसोटी येथे उपयोगी पडते: बी मागणाराच जर दरवेळी कापणी करत असेल आणि देणाऱ्याला मात्र 'तुमचा विश्वास कमी पडला' असे ऐकावे लागत असेल, तर त्या व्यवहारात पौलाचे वचन कामाला लावू नये.

एकाने पेरलेले दुसरा कापतो काय?

होय. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो की, ज्यासाठी तुम्ही श्रम केले नाहीत ते कापायला मी तुम्हाला पाठवले. वाईटाच्या बाबतीतही असे घडते. बापाच्या कर्जाचे आणि संतापाचे चटके मुलांना बसतात. परंतु दोष मात्र वारशाने येत नाही. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे वापरू नका, असे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देव बजावतो.

'तुझे तुला भोगावे लागेल' असे आपल्याला छळणाऱ्याला सांगावे काय?

सांगू नये. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सूड देवावर सोपवून शत्रू भुकेला असल्यास त्याला खाऊ घालण्यास सांगितले आहे. मात्र गुन्ह्याची फिर्याद करणे किंवा छळापासून दूर जाणे याला ही आज्ञा आड येत नाही. पौलाने स्वतः रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगून कैसरापाशी दाद मागितली होती.

वर्षानुवर्षे चांगले पेरूनही काही उगवताना दिसत नाही, तेव्हा काय करावे?

पौलाला ही अडचण ठाऊक होती. म्हणून गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या नवव्या वचनात, चांगले करण्याचा कंटाळा करू नका, न खचल्यास यथाकाळी पीक पदरी पडेल, असे तो लिहितो. 'यथाकाळी' ठरवण्याचा अधिकार पेरणाऱ्याकडे नाही. करिंथकरांना त्याने लिहिले होते की, मी लावले, अपुल्लोसाने (दुसऱ्या एका प्रचारकाने) पाणी घातले, पण वाढ देव देत गेला. पेरणाऱ्याच्या दृष्टांतातही बी एकच असून वाट, खडक आणि काटेरी झुडपे यांत ते वाया जाते आणि चांगल्या जमिनीतही कोठे तीसपट, कोठे साठपट, तर कोठे शंभरपट पीक येते. आजाऱ्याची सेवा करून थकलेल्या माणसाला हे वचन 'आणखी राबा' म्हणून ऐकवणे क्रूरपणाचे आहे. गलतीकरांस पत्राच्या त्याच सहाव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनानुसार ऐकवणाऱ्याने आधी त्याचे ओझे थोडे स्वतःच्या खांद्यावर घ्यावे.

वाईट पेरून झाले आहे. आता काय करता येईल?

जक्कयाने काय केले ते पाहावे. यरीहोतील हा मुख्य जकातदार लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला होता. येशू त्याच्या घरी उतरल्यावर त्याने उभे राहून जाहीर केले की, मी अर्धी संपत्ती दरिद्र्यांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर चार मेंढरे भरून द्यावीत, असा नियम निर्गमाच्या पुस्तकात होता. जक्कयाने तोच स्वतःला लावून घेतला. देवाजवळ पापाची कबुली, नुकसान झालेल्या माणसाजवळ स्वतः जाऊन केलेली भरपाई आणि पुढे येणारे परिणाम कुरकुर न करता सोसणे, ही तीन कामे पश्चात्तापात येतात, आणि त्यांतले दुसरे बहुधा सर्वांत जड जाते, कारण तेथे यादी काढून रकमा लिहाव्या लागतात आणि मग एकेका दारावर जावे लागते.